होम डिरेक्टरी एन्क्रिप्टेड आहे की नाही, हे कसे ओळखावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन यांसारख्या प्रणालींवर एखाद्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी (त्याच्या स्वतःच्या फाइलींची जागा) एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवलेली, आहे का, हा प्रश्न बहुधा घाईच्या वेळीच पुढे येतो. पासवर्ड विसरलेला असतो, नवी प्रणाली बसवायची असते, किंवा बंद पडलेल्या लॅपटॉपच्या डिस्कवरून फाइली काढून घ्यायच्या असतात. अशा वेळी चुकीच्या उत्तराची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. ‘नाही’ समजून पासवर्ड बदलला, तर वर्षानुवर्षांच्या फाइली कुलपाआड जातात. ‘हो’ समजून निर्धास्त राहिलो, तर लॅपटॉप चोरीला गेल्यावर सारे काही उघडे पडते.

या पानावर आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टंकायची असतात, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे आज्ञांतील सर्व अक्षरे लहान असतात; फाइलींच्या नावांत मात्र काही अक्षरे मोठी असू शकतात. उदाहरणासाठी वापरकर्त्याचे नाव ‘राम’ असे घेतले आहे.

‘होम डिरेक्टरी एन्क्रिप्टेड आहे’ याचा नेमका अर्थ काय?

या एका वाक्याचे किमान दोन निरनिराळे अर्थ होतात आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतो. वाड्याच्या दिंडी दरवाजाला कुलूप असणे वेगळे आणि माजघरातल्या ट्रंकेला कुलूप असणे वेगळे. लक्स या पद्धतीत संपूर्ण डिस्क किंवा विभाजन एन्क्रिप्ट होते. संगणक सुरू होताना एकदा पासफ्रेज दिली की आतले सर्व वापरकर्ते, सर्व सेवा आणि सर्व फाइली मोकळ्या होतात. ईक्रिप्टएफएस किंवा एफएसक्रिप्ट या पद्धतींत मात्र फक्त त्या वापरकर्त्याची डिरेक्टरी एन्क्रिप्ट असते आणि ती त्याने लॉगिन केल्यावरच उघडते. म्हणून ‘एन्क्रिप्टेड आहे का?’ असे कोणी विचारले, तर आधी ‘कोणत्या थरावर?’ आणि लगोलग ‘या क्षणी उघडी आहे की बंद?’ हे दोन प्रश्न आपण स्वतःला विचारावेत. एखादी डिरेक्टरी एन्क्रिप्टेड असूनही आता उघडी असू शकते, आणि तेव्हा ती पाहणाऱ्याला अगदी साधी दिसते.

एकच आज्ञा सांगा, म्हणजे काम होईल.

सर्व पद्धती ओळखणारी एकच आज्ञा नाही. तरीही सुरुवात करायची असेल तर ‘फाइंडएमएनटी’ या आज्ञेपासून करावी. तिला ‘टार्गेट’ हा पर्याय आणि रामच्या होम डिरेक्टरीचा मार्ग दिला, की ती डिरेक्टरी कोणत्या माउंटवर (म्हणजे जोडलेल्या कोणत्या फाइलप्रणालीवर) आहे, त्याचा स्रोत कोणता आणि फाइलप्रणालीचा प्रकार कोणता, हे एका ओळीत समजते. प्रकाराच्या रकान्यात ‘ईक्रिप्टएफएस’ दिसले आणि माउंटची जागा नेमकी रामची होम डिरेक्टरी असली, तर उत्तर मिळाले: डिरेक्टरी एन्क्रिप्टेड आहे आणि सध्या उघडी आहे. प्रकार ‘ईएक्सटी४’ दिसला, तर मात्र ‘एन्क्रिप्टेड नाही’ असा निष्कर्ष काढू नये. त्याखाली लक्स असू शकते, त्याच फाइलप्रणालीत एफएसक्रिप्ट असू शकते, किंवा ईक्रिप्टएफएसची डिरेक्टरी फक्त आत्ता माउंट झालेली नसेल. या तिन्ही शक्यता स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

वापरकर्ता लॉगिन झालेला नाही. अशा वेळी ईक्रिप्टएफएस कसे ओळखावे?

याच अवस्थेत त्याच्या खुणा सर्वांत स्पष्ट दिसतात. रामची डिरेक्टरी माउंट झालेली नसताना प्रशासकाच्या अधिकाराने तीत डोकावल्यास नेहमीच्या फाइलींऐवजी मोजक्याच गोष्टी आढळतात: ‘रीडमी’ नावाची एक मजकूर फाइल, ‘अ‍ॅक्सेस-युअर-प्रायव्हेट-डेटा’ नावाचा एक डेस्कटॉप दुवा, आणि टिंबाने सुरू होणारे दोन सांकेतिक दुवे (दुसऱ्या जागेकडे नेणारी नावे), एक ‘.ईक्रिप्टएफएस’ आणि दुसरा ‘.प्रायव्हेट’ (यातील पहिले अक्षर रोमन मोठे असते). त्या रीडमी फाइलीत, आपल्या माहितीच्या संरक्षणासाठी ही डिरेक्टरी अनमाउंट केली आहे, अशा आशयाची सूचना असते. कित्येकांना ही सूचना वाचून फाइली पुसल्या गेल्याची धास्ती वाटते. तसे नसते. फाइली जागच्या जागीच असतात; त्यांच्यावरचा उलगडलेला थर तेवढा काढून घेतलेला असतो.

ते दोन दुवे ‘/होम/.ईक्रिप्टएफएस/राम’ या ठिकाणी पोचतात. तेथील ‘.प्रायव्हेट’मध्ये खऱ्या एन्क्रिप्टेड फाइली असतात आणि फाइलींची नावेही एन्क्रिप्ट केलेली असल्यास प्रत्येक नाव ‘ईक्रिप्टएफएस_एफएनईके_एन्क्रिप्टेड’ या, सर्व मोठ्या अक्षरांतील, लांबलचक उपसर्गाने सुरू होते. शेजारच्या ‘.ईक्रिप्टएफएस’मध्ये रचनेच्या छोट्या फाइली असतात: ‘ऑटो-माउंट’, ‘ऑटो-यूमाउंट’, ‘प्रायव्हेट.एमएनटी’, ‘प्रायव्हेट.एसआयजी’ (या दोन्हींतही पहिले अक्षर मोठे) आणि ‘रॅप्ड-पासफ्रेज’. यांपैकी शेवटची फाइल जिवापाड जपण्यासारखी आहे, कारण डिरेक्टरीची खरी किल्ली वापरकर्त्याच्या लॉगिन पासवर्डमध्ये गुंडाळून तिच्यात ठेवलेली असते.

माझ्याकडे ‘.ईक्रिप्टएफएस’ डिरेक्टरी आहे, म्हणजे माझे संपूर्ण होम एन्क्रिप्टेड आहे ना?

तेवढ्यावरून असे म्हणता येत नाही. उबुंटूच्या ८.१० आवृत्तीत, म्हणजे २००८ साली, ही सोय प्रथम आली तेव्हा होममधील ‘प्रायव्हेट’ नावाचे फक्त एक फोल्डर एन्क्रिप्ट होत असे. संपूर्ण होम एन्क्रिप्ट करण्याची सोय पुढच्या वर्षी आली. दोन्ही प्रकारांत ‘.ईक्रिप्टएफएस’ डिरेक्टरी असतेच. फरक ओळखण्याची खात्रीची जागा म्हणजे ‘प्रायव्हेट.एमएनटी’ ही फाइल. तिच्यात एकच ओळ असते. त्या ओळीत ‘/होम/राम’ असे असेल तर संपूर्ण होमसाठी रचना केलेली आहे. ‘/होम/राम/प्रायव्हेट’ असे असेल तर ते एक फोल्डर सोडून बाकी सारे उघडे आहे.

ज्यांना हे हाताने पाहायचे नाही त्यांच्यासाठी ‘ईक्रिप्टएफएस-व्हेरिफाय’ ही आज्ञा ईक्रिप्टएफएसच्या साधनसंचात आहे. तिला ‘होम’ हा पर्याय आणि वापरकर्त्याचे नाव दिले, तर ती रचना तपासते आणि सर्व ठीक असल्यास ० हा निर्गम संकेत (काम संपल्यावर आज्ञा परत देते तो अंक) देते. ‘प्रायव्हेट’ आणि ‘फाइलनेम-एन्क्रिप्शन’ यांसाठीही तिच्यात वेगळे पर्याय आहेत. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी स्वतःचे शोधकाम लिहिण्याआधी ही आज्ञा उपलब्ध आहे का, ते पाहावे. मात्र साधनसंच बसवलेलाच नसेल, तर आज्ञा सापडली नाही याचा अर्थ ‘एन्क्रिप्टेड नाही’ असा लावू नये. दुसऱ्या संगणकातून काढून जोडलेल्या डिस्कच्या बाबतीत ही चूक हमखास होते.

संपूर्ण डिस्क एन्क्रिप्टेड आहे का, हे कसे पाहावे?

प्रथम ‘फाइंडएमएनटी’ने होमचा स्रोत, म्हणजे कोणते उपकरण आहे, ते पाहावे. मग ‘एलएसबीएलके’ या आज्ञेला उलट क्रम दाखवणारा लहान ‘एस’ हा पर्याय आणि ते उपकरण द्यावे. त्या उपकरणापासून खाली प्रत्यक्ष डिस्कपर्यंतची साखळी दिसते आणि तिच्यात कोठेही प्रकाराच्या रकान्यात ‘क्रिप्ट’ आढळले, तर होम एन्क्रिप्टेड थरावर उभे आहे. ‘एलएसबीएलके’ला लहान ‘एफ’ हा पर्याय दिल्यास त्या विभाजनापुढे ‘क्रिप्टो_लक्स’ असेही लिहिलेले दिसते. बंद असलेल्या विभाजनासाठी ‘क्रिप्टसेटअप’ या आज्ञेची ‘इजलक्स’ (सलग शब्द, यातील ‘एल’ मोठा) ही उपआज्ञा वापरावी. विभाजनावर लक्सचे शीर्षक असल्यास तिचा निर्गम संकेत ० येतो.

येथे एक खड्डा आहे. उपकरणाचा मार्ग ‘/डेव्ह/मॅपर’ने सुरू झाला की ते एन्क्रिप्टेडच असते, असे अनेक लेखांतून सांगितलेले आढळते. ते बरोबर नाही. एलव्हीएम या विभाजन-व्यवस्थेची साधी, अजिबात एन्क्रिप्ट न केलेली विभाजनेही त्याच मार्गाखाली येतात. नावावर विसंबू नये, साखळीतला प्रकार पाहावा.

‘एलएसएटीटीआर’मध्ये ई दिसते. म्हणजे एफएसक्रिप्ट आहे का?

‘एलएसएटीटीआर’ ही फाइलींवरील खुणा दाखवणारी आज्ञा आहे. तिच्या उत्तरातले ते ‘ई’ मोठ्या लिपीतले आहे की लहान, हे आधी नीट पाहावे, कारण सारे उत्तर त्या एका अक्षरात आहे. ईएक्सटी४ या फाइलप्रणालीतच अंगभूत एन्क्रिप्शनची सोय लिनक्स कर्नलच्या ४.१ आवृत्तीत, २०१५ साली, आली. तीत एन्क्रिप्ट केलेल्या डिरेक्टरीवर मोठ्या लिपीतील ‘ई’ ही खूण असते. लहान लिपीतील ‘ई’ म्हणजे फाइल एक्सटेंट पद्धतीने (डिस्कवरच्या सलग पट्ट्यांत) साठवली आहे, एवढेच. आणि ईएक्सटी४वरील जवळजवळ प्रत्येक फाइलीवर ती असते. लहान ‘ई’ पाहून ‘माझे होम सुरक्षित आहे’ असे समजणारे मला एकाहून अधिक भेटले आहेत, आणि प्रत्येकाला ते तसे नाही हे सांगताना जिवावर आले आहे.

डिरेक्टरीच्या आतल्या फाइलींऐवजी खुद्द डिरेक्टरीची खूण पाहण्यासाठी आज्ञेला लहान ‘डी’ हा पर्याय द्यावा. एफएसक्रिप्टचे साधन बसवलेले असल्यास ‘एफएसक्रिप्ट स्टेटस’ आणि पुढे डिरेक्टरीचा मार्ग, एवढे टंकले की ती एन्क्रिप्टेड आहे का आणि सध्या उघडलेली आहे का, ही दोन्ही उत्तरे मिळतात. या पद्धतीत वेगळा माउंट नसल्यामुळे ‘माउंट’ किंवा ‘फाइंडएमएनटी’ यांच्या उत्तरात तिचा मागमूसही लागत नाही. डिरेक्टरी बंद असेल तर आतल्या फाइलींची नावे अर्थहीन अक्षरांच्या माळा होऊन दिसतात. त्या फाइलप्रणालीच्या मुळाशी ‘.एफएसक्रिप्ट’ नावाची डिरेक्टरी असणे हीदेखील खूणच आहे, पण तिच्यावरून सोय सुरू केली आहे इतकेच कळते. रामचे होम तिच्याखाली आहे, हे सिद्ध होत नाही.

सिस्टमडी-होमडी वापरणाऱ्या प्रणालीवर काय पाहावे?

सिस्टमडी या, लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या २४५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, वापरकर्त्यांची होम सांभाळणारी ही पद्धत उपलब्ध आहे. ‘होमसीटीएल इन्स्पेक्ट राम’ असे विचारल्यावर ‘स्टोरेज’ या ओळीत लक्स किंवा एफएसक्रिप्ट असेल, तर होम एन्क्रिप्टेड आहे. डिरेक्टरी किंवा सबव्हॉल्यूम असेल तर नाही. ‘/होम’मध्ये ‘राम.होम’ अशी एकच मोठी फाइल दिसणे ही लक्सची खूण आहे, परंतु ‘राम.होमडीर’ अशी डिरेक्टरी दिसली तर ती एन्क्रिप्टेड असेल किंवा नसेलही.

झेडएफएस, एन्कएफएस, गोक्रिप्टएफएस यांचे काय?

झेडएफएस या फाइलप्रणालीत ‘झेडएफएस गेट’ या आज्ञेने त्या डेटासेटचे (तिच्यातील विभागाचे) ‘एन्क्रिप्शन’ आणि ‘कीस्टेटस’ हे दोन गुणधर्म विचारावेत. एन्कएफएस आणि गोक्रिप्टएफएस उघडे असताना माउंटच्या यादीत फ्यूज (कर्नलबाहेर चालणाऱ्या फाइलप्रणाली) या प्रकाराखाली स्वतःच्या नावाने दिसतात. बंद असताना एन्क्रिप्टेड डिरेक्टरीत अनुक्रमे ‘.एन्कएफएस६.एक्सएमएल’ आणि ‘गोक्रिप्टएफएस.कॉन्फ’ या फाइली सापडतात.

तपासणीची स्क्रिप्ट लिहीत आहे. कोणत्या चुका टाळाव्यात?

पहिली चूक नावाच्या जुळवणीची. माउंटच्या यादीत ‘/होम/राम’ ही अक्षरे शोधणारी साधी ‘ग्रेप’ आज्ञा ‘/होम/रामदास’ या ओळीलाही होकार देते. रामदासचे होम एन्क्रिप्टेड आणि रामचे नाही, अशा संगणकावर रामबद्दल खोटा ‘हो’ मिळतो. म्हणून ‘फाइंडएमएनटी’ला ‘माउंटपॉइंट’ हा पर्याय देऊन तंतोतंत जागेची चौकशी करावी, किंवा ‘/प्रॉक/माउंट्स’ वाचायचे असेल तर ओळीचे रकाने वेगळे करून दुसरा रकाना संपूर्ण जुळतो का, हे पाहावे.

दुसरी चूक होमचा मार्ग गृहीत धरण्याची. सर्वांची घरे ‘/होम’खाली असतातच असे नाही. ‘गेटएंट’ या आज्ञेला ‘पासडब्ल्यूडी’ आणि वापरकर्त्याचे नाव देऊन मिळणाऱ्या ओळीतला सहावा रकाना घ्यावा, तोच खरा पत्ता. ‘सुडो’खाली, म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराने, चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नागमोडी तिरपी खूण, म्हणजे टिल्डे, वापरली तर ती रूटच्या घराकडे नेऊ शकते आणि स्क्रिप्ट मग भलत्याच घराची तपासणी करून मोकळी होते.

तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते: उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ या दोनच शब्दांत देणे. वाचण्याचा अधिकार नव्हता, साधन बसवलेले नव्हते, डिस्क नेटवर्कवरची होती, अशा प्रत्येक वेळी स्क्रिप्ट जर ‘नाही’ म्हणत असेल, तर ती खोटे बोलत आहे. ‘सांगता येत नाही’ हे तिसरे उत्तर ठेवावे आणि त्याला वेगळा निर्गम संकेत द्यावा. त्या उत्तरावर पुढचा प्रोग्रॅम थांबेल आणि माणसाला विचारेल. ‘नाही’वर मात्र तो बेधडक पुढे जाईल.

देवनागरीत लांब नाव दिलेली फाइल होममध्ये साठवता येत नाही. याचा एन्क्रिप्शनशी संबंध आहे का?

आहे, आणि मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांना ही अडचण इतरांच्या आधी जाणवते. ईक्रिप्टएफएसमध्ये फाइलींची नावेही एन्क्रिप्ट केली असतील, तर नावाची कमाल लांबी नेहमीच्या २५५ बाइटांवरून १४३ बाइटांवर येते, कारण एन्क्रिप्ट झालेले नाव मूळ नावापेक्षा लांब होते आणि त्याच्यापुढे तो मोठा उपसर्गही जोडावा लागतो. रोमन लिपीत १४३ बाइट म्हणजे १४३ अक्षरे. तेवढे नाव सहसा कोणी देत नाही. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे जास्तीत जास्त ४७ चिन्हे. ‘ग्रामपंचायत’ या साध्या शब्दातच हलन्त, काने आणि अनुस्वार धरून ११ चिन्हे होतात. ‘ग्रामपंचायत कार्यालयातील मालमत्ता कर भरल्याची पावती २०१७’ असे नाव दिले की मर्यादा ओलांडली जाते आणि ‘नाव फार लांब आहे’ अशी त्रुटी येते.

हीच बाब ओळखीसाठीही उपयोगी पडते. ‘गेटकॉन्फ’ या आज्ञेला ‘नेम_मॅक्स’, तेही मोठ्या अक्षरांत, आणि होमचा मार्ग देऊन मर्यादा विचारावी. उत्तर १४३ आले तर खाली ईक्रिप्टएफएस आहे असे समजण्यास मोठा आधार मिळतो. २५५ आले तर काहीच सिद्ध होत नाही.

दूरच्या संगणकावर एसएसएच किल्लीने लॉगिन कधी होते, कधी होत नाही. असे का?

हे लक्षण इतके ठळक आहे की त्यावरूनच ईक्रिप्टएफएसची शंका घ्यावी. अधिकृत किल्ल्यांची फाइल होममधील ‘.एसएसएच’ डिरेक्टरीत असते. वापरकर्ता आधीपासून लॉगिन असेल तर होम उघडे असते, एसएसएचची सेवा ती फाइल वाचू शकते आणि किल्ली चालते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर होम बंद असते, सेवेला किल्ल्या सापडत नाहीत आणि ती पासवर्ड मागते. पासवर्ड दिला की होम उघडते आणि पुढच्या खेपेस किल्ली पुन्हा चालू लागते. अधिकृत किल्ल्यांची फाइल ‘/ईटीसी/एसएसएच’खाली वापरकर्त्याच्या नावाच्या डिरेक्टरीत ठेवून सेवेच्या रचनेत तो मार्ग दिला, तर किल्ली मान्य होते, परंतु पासवर्ड न दिल्यामुळे होम तरीही आपोआप उघडत नाही. ते लॉगिननंतर हाताने माउंट करावे लागते. संगणक सुरू होताच होममधील स्क्रिप्ट चालवणारी क्रॉनची (आपोआप सुरू होण्यासाठी लावून ठेवलेली) कामेही याच कारणाने अयशस्वी होतात.

आपोआप लॉगिनची सोय सुरू करण्यापूर्वी ही तपासणी का करावी?

कारण आपोआप लॉगिनमध्ये पासवर्ड टंकलाच जात नाही, आणि पासवर्ड नसेल तर ‘रॅप्ड-पासफ्रेज’मधील किल्ली उलगडता येत नाही. मग डेस्कटॉपला बंद, रिकाम्यासारखे होम मिळते आणि त्यात काही लिहिता येत नसल्यामुळे सत्र सुरूच होत नाही. लक्सच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण तेथे कुलूप संगणक सुरू होतानाच उघडलेले असते.

पासवर्ड विसरला आहे. रिकव्हरी मोडमधून नवा पासवर्ड दिला तर चालेल का?

होम एन्क्रिप्टेड नाही, याची खात्री झाल्याशिवाय देऊ नये. वापरकर्ता स्वतः जुना पासवर्ड देऊन नवा ठेवतो तेव्हा किल्ली नव्या पासवर्डमध्ये पुन्हा गुंडाळली जाते. रूटने वरून पासवर्ड बदलला तर जुना पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो, त्यामुळे किल्ली जुन्याच पासवर्डमध्ये गुंडाळलेली राहते. लॉगिन होते, पण होम उघडत नाही. एवढे झाले म्हणून फाइली गेल्या असे मात्र नाही: पुढे कधी जुना पासवर्ड आठवला, तर त्याने ती किल्ली आजही उलगडते. म्हणून अशा प्रसंगी घाबरून होम पुसू नये, प्रणाली नव्याने बसवू नये आणि ‘/होम/.ईक्रिप्टएफएस’ला हात लावू नये.

उबुंटूच्या आवृत्तीवरून अंदाज बांधता येतो का?

काही अंशी येतो. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या १८.०४ आवृत्तीपासून उबुंटूच्या इन्स्टॉलरमधून होम एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय काढून टाकला गेला आणि संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याची शिफारस होऊ लागली. डेबियन १० मध्ये तर ईक्रिप्टएफएसचा साधनसंच एका न सुटलेल्या दोषामुळे समाविष्टच झाला नाही. लिनक्स मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये मात्र तो पर्याय २०१८ नंतरही दिसत राहिला. शिवाय १४.०४ किंवा १६.०४ वर एन्क्रिप्ट केलेले होम अपग्रेड होत होत आजच्या आवृत्तीत आलेले असू शकते. त्यामुळे ‘नवी आवृत्ती आहे, म्हणजे ईक्रिप्टएफएस नसणार’ हा तर्क धरू नये.

कोणत्या गोष्टी आतून मुळीच दिसत नाहीत?

डिस्क स्वतःच आपल्या इलेक्ट्रॉनिक्सद्वारे एन्क्रिप्ट करत असेल, आभासी संगणकाची संपूर्ण डिस्क यजमान संगणकावर एन्क्रिप्ट केलेली असेल, किंवा होम नेटवर्कवरील सर्व्हरवर असेल आणि त्या सर्व्हरची डिस्क एन्क्रिप्टेड असेल, तर आपल्या बाजूच्या कोणत्याही आज्ञेला ते ‘एलएसबीएलके’च्या साखळीत दिसणार नाही. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर ठेवण्याचा आग्रह यासाठीही आहे.

मॅकवर हाच प्रश्न कसा सोडवावा?

मॅक ओएस टेनच्या १०.३ आवृत्तीत, २००३ साली, आलेले पहिले फाइलव्हॉल्ट फक्त होम डिरेक्टरी एन्क्रिप्ट करीत असे. २०११ मधील १०.७ पासून संपूर्ण व्हॉल्यूम एन्क्रिप्ट होतो. ‘एफडीईसेटअप स्टेटस’ या आज्ञेने ते सुरू आहे की बंद, हे कळते.

होम एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे सर्व माहिती सुरक्षित आहे का?

ईक्रिप्टएफएसच्या बाबतीत तीन ठिकाणे अवश्य पाहावीत. पहिले स्वॅप: उघडलेल्या फाइलींचे तुकडे स्मृतीतून तेथे लिहिले जातात, म्हणून ‘ईक्रिप्टएफएस-सेटअप-स्वॅप’ ही आज्ञा दिलेली आहे, तिच्यामुळे हायबरनेशन मात्र बिघडते. दुसरे ‘/टीएमपी’ आणि ‘/व्हार’, जेथे छपाईची रांग आणि तात्पुरत्या प्रती उघड्या राहू शकतात.

तिसरे ठिकाण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आधीपासून वापरात असलेले होम ‘ईक्रिप्टएफएस-मायग्रेट-होम’ने एन्क्रिप्ट केल्यावर मूळ, उघड्या फाइलींची संपूर्ण प्रत ‘/होम/राम’ या नावापुढे टिंब आणि काही यादृच्छिक अक्षरे लावून शिल्लक ठेवलेली असते. ती आपल्या सोयीसाठीच असते. नवे होम नीट उघडते, याची खात्री करून ती आपण पुसायची असते. ती तशीच राहिली, तर सर्व तपासण्या ‘एन्क्रिप्टेड आहे’ असे खरे उत्तर देतात आणि शेजारच्याच डिरेक्टरीत तीच माहिती कुलपाविना पडून असते. म्हणून ‘/होम’ची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

तपासणीत ईक्रिप्टएफएस निघाले. आता सर्वप्रथम काय करावे?

लॉगिन होत असेल तोवर, आजच, ‘ईक्रिप्टएफएस-अनरॅप-पासफ्रेज’ ही आज्ञा चालवून माउंट पासफ्रेज कागदावर लिहून घ्यावी. प्रणालीने आपोआप तयार केलेली पासफ्रेज ३२ चिन्हांची असते. तीत ० ते ९ हे अंक आणि रोमन ए ते एफ ही सहा अक्षरे, एवढीच चिन्हे येतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावशींच्या लॅपटॉपवर नेमका हाच प्रसंग आला. दुरुस्तीसाठी दिलेल्या ठिकाणी कोणीतरी रिकव्हरी मोडमधून पासवर्ड बदलला होता आणि जुना पासवर्ड मावशींना काही केल्या आठवत नव्हता. पासफ्रेज त्यांनी पहिल्या दिवशीच घरखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर निळ्या शाईने लिहून ठेवली होती. उबुंटूच्या लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करून मी ‘ईक्रिप्टएफएस-रिकव्हर-प्रायव्हेट’ चालवले, तिने ‘.प्रायव्हेट’ शोधून काढले आणि पासफ्रेज विचारली. वहीतले एक चिन्ह शून्य आहे की रोमन ‘ओ’, हे कळत नव्हते. पण सोळा चिन्हांच्या त्या संचात ‘ओ’ नाहीच, म्हणून ते शून्य. अडले ते दुसऱ्या एका चिन्हावर: ते सहा होते की लहान ‘बी’? मी सहा दिले, डिरेक्टरी माउंट झाली, पण आतल्या नावांचा उलगडा झाला नाही. अनमाउंट करून त्याच जागी ‘बी’ दिले. या वेळी नावे वाचता येऊ लागली आणि काकांच्या फोटोंचे फोल्डर दिसले. ते सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवायला संध्याकाळ झाली. मावशी तोवर शेजारी बसून होत्या.

तेव्हापासून मी पासफ्रेज लिहून देताना चार-चार चिन्हांचे आठ गट पाडतो, अंकांखाली रेघ ओढतो आणि अक्षरांखाली ओढत नाही. कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा आणि तो कोठे आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.